दुखणे अंगावर काढणारा जिल्हा

मराठीत एक असा वाक्प्रचार आहे की त्याचे दुसऱ्या कोणत्याही भाषेत नेमके भाषांतर करून दाखवा, असे आव्हान मी दरवर्षी माझ्या विद्यार्थ्यांना देतो. आणि दरवर्षी मीच जिंकतो. तो वाक्प्रचार म्हणजे 'दुखणे अंगावर काढणे'. ताप आहे, कळ येते आहे, जखम चिघळली आहे. पण डॉक्टरकडे जायचे नाही, अंथरूण धरायचे नाही, कोणाला सांगायचेही नाही. हातातले काम करीत राहायचे. दुखणे जाईल तेव्हा जाईल. एवढा सगळा अर्थ तीन शब्दांत मावला आहे. भाषेत शब्द उगाच तयार होत नाहीत. ज्या गोष्टीची समाजाला वारंवार गरज पडते, तिलाच नाव मिळते.

मी बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. दुखणे अंगावर काढणे हा इथे वाक्प्रचार राहिलेला नाही. ती रीत झाली आहे. ही रीत अज्ञानातून आली, असे शहरातले पाहुणे सांगतात. तपासून घ्या, वेळेवर जेवा, व्यसने टाळा, असे फलक गावोगाव लावले म्हणजे काम झाले, असे त्यांना वाटते. इतकी वर्षे या मुलुखात राहून आणि वर्गातल्या मुलामुलींच्या घरची परिस्थिती पाहून माझे मत निराळे झाले आहे. माणसाच्या आरोग्याच्या सवयी त्याच्या डोक्यात जितक्या असतात, तितक्याच त्याच्या रोजगारात असतात. आणि काम नसलेल्या दिवसांत त्याच्या हाती पैसा कोणत्या वाटेने येतो, यावर तर त्या फारच अवलंबून असतात.

दिवाळीला उठणारी गावे

शहरात दिवाळी आली की माणसे घरी परततात. आमच्याकडे नेमके उलटे. दसरा उलटला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली गावे उठू लागतात. पाटोदा, शिरूर, आष्टी, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतल्या रस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर उभे राहतात; त्यांत भांडी, धान्याची पोती, शेळ्या, कोंबड्या, बांबू आणि लेकरे चढवली जातात आणि टोळ्या नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. कित्येकांची लक्ष्मीपूजने उसाच्या फडावर होतात. आपल्या घरच्या शंकरपाळ्यांत आणि करंज्यांत जी साखर पडते, तिचा पहिला घाव बहुधा बीडच्या कोयत्याने घातलेला असतो.

घरात मागे राहतात ती म्हातारी माणसे. माझ्या वर्गाची हजेरी दिवाळीच्या सुट्टीनंतर घटते आणि ती पुन्हा भरते चैत्र-वैशाखात, कारखान्यांचे गाळप आटोपल्यावर. मग टोळ्या परततात आणि पुढचे पाच-सहा महिने या लोकांना काम नसते. थोडीफार कोरडवाहू जमीन, तीही पावसाच्या लहरीवर. जिल्हा पर्जन्यछायेतला, एक वर्ष बरे गेले तर दोन वर्षे कोरडी. म्हणून आमच्याकडची बेकारी ही मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या तशी एकदाच कोसळलेली आपत्ती नव्हे. ती ऋतूसारखी दरवर्षी येते. अर्धे वर्ष हाडे मोडेपर्यंत काम आणि अर्धे वर्ष कामाची वाट पाहणे, असे हे पंचांग आहे.

१९११ साली इंग्लंडात बेकारीच्या विम्याचा कायदा झाला आणि काही धंद्यांतल्या कामगारांना काम नसलेल्या आठवड्यांत काही रक्कम मिळू लागली. पुढे अनेक देशांनी ती वाट धरली. आपल्या देशातही कर्मचारी राज्य विमा योजनेत ज्यांची नावे आहेत, अशा कामगारांसाठी नोकरी गेल्यावर काही काळ रोख मदत देण्याची योजना २०१८ साली निघाली. पण ऊस तोडणाऱ्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. त्याचा व्यवहार मुकादमाशी. तेव्हा त्याला बेकारीच्या महिन्यांत भत्ता कोण देतो? मुकादमच देतो! त्या भत्त्याचे नाव 'उचल'.

पावसाळ्यात घरातले धान्य सरत आले, मुलीचे लग्न ठरले, म्हातारीचा डोळा काढायचा झाला की माणूस मुकादमाच्या दारात जातो. पन्नास हजार, लाख, कधी त्याहून अधिक रक्कम त्याच्या हाती पडते आणि येणाऱ्या हंगामासाठी एक 'कोयता' बांधला जातो. कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. भाषेच्या माणसाने या शब्दापाशी थांबलेच पाहिजे. ज्या जोडप्याला इतरत्र संसार म्हणतात, त्याला इथे हत्याराच्या नावाने मोजतात.

रिकाम्या दिवसांच्या सवयी

पुष्कळांची अशी समजूत असते की, काम नसले म्हणजे निदान विश्रांती तरी मिळत असेल. सहा महिने शिणलेले शरीर सहा महिन्यांत भरून निघत असेल. तसे होत नाही. या दिवसांत गावात फिरून पाहावे. स्वयंपाकघरात पहिली काटकसर होते ती डाळीची आणि भाजीची. भाकरी आणि चटणी शिल्लक राहते. दुसरी काटकसर वेळांची. दोनदाचे जेवण एकदा होते आणि मधली जागा कोरा चहा भरून काढतो. चहाने भूक मरते, हे इथे लहान पोरालाही ठाऊक आहे. बायका मशेरी लावतात. तव्यावर भाजून काळी केलेली ही तंबाखू दातांना घासली की पोटातली कालवाकालव थांबते. मशेरी वाईट, हे त्यांना कळत नाही असे नाही. एकदा एका बाईला मी ती सोडायला सुचवले, तेव्हा ती म्हणाली, "सर, भाकरीपरीस स्वस्त हाय." आरोग्याच्या फलकावर या वाक्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

पुरुषांचे दिवस पारावर जातात. तंबाखूचा विडा एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तरी पुडी मिळायची तिथे मिळते. दारूचे सांगायलाच नको. पण त्याहून घातक सवय म्हणजे उद्यावर ढकलण्याची. दात दुखतो, खोकला महिनाभर जात नाही, पाठीचा मणका सरकल्यासारखा वाटतो. 'उचल आली की बघू.' उचल आली म्हणजे आधी दुकानदाराची उधारी, मग लग्नाचे, मग बी-बियाणे. डॉक्टरचा नंबर शेवटी आणि तोवर पैसे संपलेले. मराठीत 'दुखण्याने उचल खाल्ली' असेही आपण म्हणतो. आमच्याकडे दोन्ही अर्थ एकाच घरात, एकाच महिन्यात नांदतात.

हे केवळ बीडचे किंवा अडाणी माणसांचे लक्षण मानू नये, म्हणून वाचकांना थोडा वेळ ऑस्ट्रियात नेतो. व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे सुमारे दीड हजार वस्तीचे गाव होते. सगळे गाव एका कापड गिरणीवर जगे. १९२९-३० च्या मंदीत ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ प्रत्येक घर बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या तरुण संशोधकांनी त्या गावाचा जो अभ्यास केला, तो १९३३ साली प्रसिद्ध झाला आणि आजही समाजशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो.

लोक साक्षर, व्यवस्थित आणि कामसू होते. गिरणी चालू असताना गावात वाचनालय होते, संघ होते, मंडळे होती. सरकारी भत्ताही मिळत होता, पण तुटपुंजा आणि ठराविक मुदतीचा. मग काय झाले? वाचनालयाची वर्गणी माफ केली, तरी पुस्तके नेणारे निम्म्यावर आले. हाती वेळ भरपूर, पण वाचायला मन लागेना. पुरुषांनी घड्याळे वापरणे सोडले. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या चालीचा वेग मोजला. पुरुष रेंगाळत, जागोजाग थांबत चालत होते. घरकामाचा बोजा असलेल्या बायका मात्र झपझप जात होत्या. आणि शाळेतल्या मुलांचे डबे पाहिले, तेव्हा भत्ता मिळण्याच्या आदल्या दिवशी निम्म्या मुलांकडे कोरडा पाव होता किंवा काहीच नव्हते. भत्ता मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी जवळजवळ सर्वांचे डबे भरलेले होते.

आहारावर त्या घरांना व्याख्यानाची गरज नव्हती. पैसे हाती येताच आयांनी काय केले, ते त्या डब्यांनीच सांगितले.

पहाटे धावणारी मुले

मारिएन्थालच्या रेंगाळत्या चालीला आमच्याकडे एक अपवाद आहे आणि तो मला फार शिकवून गेला. पहाटे पाच वाजता आमच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर या. अंधारात शंभरभर पावलांचा आवाज येईल. ही पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. गोळाफेक करावी लागते. ही सगळी मुले बेकार. पण त्यांच्याइतक्या आरोग्यदायी सवयी जिल्ह्यात कोणाच्या नसतील! रात्री लवकर निजणे, पहाटे उठणे, मोड आलेली मटकी, हरभरे, जमल्यास एक अंडे. तंबाखूला शिवायचे नाही, कारण दम लागतो.

मग वय निघून जाते. साधारणपणे खुल्या वर्गाला अठ्ठाविसाव्या आणि राखीव वर्गांना तेहतिसाव्या वर्षी भरतीचे दार बंद होते. माझा एक माजी विद्यार्थी पाच वर्षे या रस्त्यावर सर्वांच्या पुढे धावत असे. दार बंद झाल्यावर दीड वर्षाने तो मला बसस्थानकावर भेटला तेव्हा पोट सुटलेले, दात तांबडे. "पळत नाहीस का रे?" मी विचारले. तो हसून म्हणाला, "कुठं पळायचं, सर?" ज्ञान तेच, माणूस तोच, रस्ताही तोच, पुढे काही मिळण्याची आशा गेली आणि सवय गेली. उद्याचा भरवसा असला तरच माणूस आजच्या शरीराची निगा राखतो. शहरातला नोकरदार सकाळी फिरायला जातो त्यालाही त्याच्या मासिक पगाराचा आणि निवृत्तिवेतनाचा आधार असतो, एवढे आपण लक्षात ठेवावे.

खाडा

आता उचल घेतलेल्या जोडप्याबरोबर फडावर जाऊ. पहाटे तीन-चारला उठायचे, भाकऱ्या थापायच्या आणि अंधारातच फड गाठायचा. ऊस तोडायचा, पाला साळायचा, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. मजुरी टनावर. २०२४ च्या जानेवारीत बऱ्याच ताणाताणीनंतर तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मंजूर झाली; पण मजुरी वाढली तरी ती आधी उचलीतून वळती होते. रोजच्या मीठ-मिरचीला जो रोख पैसा येतो, तो बहुधा उसाचे वाढे चाऱ्यासाठी विकून. राहायला पाचटाची कोपी. संडास नाही, न्हाणीला आडोसा नाही, पाणी कालव्याचे किंवा मिळेल तिथले.

आणि एक दिवस काम चुकले तर 'खाडा'. खाडा म्हणजे नुसती गैरहजेरी नव्हे. त्या दिवसाचा दंड उचलीवर चढतो. दिवसाला पाचशे रुपये आणि त्याहूनही अधिक कापल्याच्या हकीकती वृत्तपत्रांत येऊन गेल्या आहेत. डॉक्टरकडे जायचे म्हणजे त्याची फी, गाडीभाडे आणि वर खाडा. नवरा-बायको हा एकच कोयता असल्यामुळे एक आजारी पडला की दुसऱ्याचेही काम थांबते. रिकाम्या महिन्यांत वेळ असतो तेव्हा पैसा नसतो. हंगामात कामाची ददात नसते तेव्हा वेळ नसतो. दवाखान्याची पायरी चढायला वर्षाच्या बारा महिन्यांत एकही महिना मोकळा नाही.

स्त्रियांच्या बाबतीत या हिशेबाने जे केले, ते २०१९ साली साऱ्या देशाने वाचले. पाळीच्या दिवसांतही मोळी उचलावीच लागे. स्वच्छतेची सोय नसल्यामुळे जंतुसंसर्ग होई. 'अंगावरून जाते' अशी तक्रार वर्षानुवर्षे अंगावर काढली जाई. शेवटी बेकारीच्या महिन्यांत, उचलीच्या पैशात, एखाद्या खाजगी दवाखान्यात 'पिशवी' काढून टाकायची. दोन-तीन मुले झालेलीच आहेत, पुढे कर्करोग होईल, अशी भीती घातली जाई आणि कायमची कटकट मिटेल, दर महिन्याचे खाडे वाचतील, असा हिशेब घरात मांडला जाई. त्या वर्षी जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की, बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या वेळी जिल्ह्यात जे सर्वेक्षण झाले, त्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सुमारे सहाजणींत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण शेकडा तीनच्या थोडे वर होते.

हे आकडे वाचून शहरातल्या एका परिचितांनी मला विचारले, "शिकलेल्या नाहीत ना त्या?" मी त्यांना म्हटले, त्या हिशेबात मात्र पक्क्या आहेत. चूक त्यांच्या हिशेबात नव्हती. ज्या पाटीवर त्यांना हिशेब मांडावा लागला, ती पाटीच वाकडी होती. शरीर गहाण पडले म्हणजे त्यातला जो अवयव कामात अडथळा आणतो, तो काढून टाकणे व्यवहाराचेच ठरते. पुढची किंमत मात्र त्या हिशेबात धरलेली नसते. कोवळ्या वयात ही शस्त्रक्रिया झाली, विशेषतः बीजकोशही काढले गेले, म्हणजे पाळी जाण्याचा काळ अकालीच ओढवतो. हाडे ठिसूळ होतात, कंबर धरते, अंगाचा दाह होतो. जी बाई खाडे वाचवायला गेली, तिला चाळिशीतच मोळी उचलेनाशी होते.

२०१९ नंतर काही बरे घडले, तेही सांगितले पाहिजे. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवाचून खाजगी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया करू नये, असा दंडक जिल्ह्यात घालण्यात आला. जाण्यापूर्वी आणि परतल्यावर स्त्रियांची तपासणी व्हावी, अशा सूचना समितीने केल्या. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ उभे राहिले आणि त्यासाठी कारखान्यांकडून दर टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरले. परवानगीचा दंडक योग्यच आहे. पण खाडा जोवर आहे आणि बेकारीच्या महिन्यांत उचलीशिवाय दुसरा आधार नाही, तोवर दंडकाने एक दार बंद होईल. दुखणे पुन्हा अंगावरच राहील.

पागे यांची विचारसरणी आणि आपला फेब्रुवारी

दुसरा आधार असू शकतो का? असू शकतो, आणि त्याची कल्पना आपल्या महाराष्ट्रातच जन्मली. विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती राहिलेले वि. स. पागे यांच्या मनात आले की, जो काम मागेल त्याला काम देण्याची हमी सरकारने का देऊ नये? १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोग झाला. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मराठवाड्याची दैना ज्यांनी पाहिली, त्यांना ती आजही आठवते. बीडची माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावांवर माती वाहायला गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. कामावर सुकडी मिळे. आमच्या घरातली वडीलधारी मंडळी सुकडीचे नाव काढले की अजून क्षणभर गप्प होतात आणि मग म्हणतात, "तिनंच जगवलं." इतका भयंकर दुष्काळ असूनही पूर्वीच्या दुष्काळांसारखे माणसांचे मरण झाले नाही, ते कामामुळे आणि त्या कामाच्या मजुरीमुळे, असे अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे दाखवून दिले.

रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. पंधरा दिवसांत काम देता आले नाही तर बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात होते; रक्कम दिवसाला एक रुपया, पण तत्त्व मोठे होते. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तो भत्ता पहिल्या तीस दिवसांना मजुरीच्या चौथा हिस्सा आणि नंतर निम्मा असा केला. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, औषधाची पेटी आणि पाच किंवा अधिक लहान मुले असल्यास त्यांना सांभाळणारी बाई, याही गोष्टी त्यात लिहिल्या होत्या. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला आणि वर्षाचे शंभर दिवस सव्वाशे केले. कागद असा उत्तम आहे. पण बेकारी भत्ता प्रत्यक्ष हाती पडलेला माणूस मला अजून जिल्ह्यात भेटलेला नाही आणि उशिरा मिळालेल्या मजुरीच्या कहाण्या मात्र पारापारावर ऐकू येतात. मुकादमाची उचल मागितल्या दिवशी मिळते. सरकारची मजुरी महिन्यांनी. मग माणूस कोणाच्या दारी जाईल?

तरीही जिथे गावाजवळ हमीचे काम नीट चालले आणि मजुरी वेळेवर मिळाली, तिथे फरक साध्या डोळ्यांना दिसतो. बाई संध्याकाळी घरी येते, चूल वेळेवर पेटते, पोर अंगणवाडीत जाते, लसीची तारीख चुकत नाही. आणि एक दिवस दवाखान्यात गेले तर त्या दिवसाची मजुरी बुडते, पण दंड चढत नाही. 'आज येणार नाही' असे म्हणता येणे, हे आरोग्याचे पहिले औषध आहे, असे मला वाटते.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. बसून पैसे दिले तर लोक पितील, खातील, आळशी होतील. आक्षेप जुना आहे. म्हणून त्याचे उत्तरही आकड्यांनीच दिलेले बरे. जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा या अभ्यासकांनी २०१४ साली निरनिराळ्या गरीब देशांतील रोख मदतीच्या योजनांचे अभ्यास एकत्र करून पाहिले. मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे त्यांना दिसले नाही, उलट काही ठिकाणी तो घटलेला दिसला. दुसरी बाजूही सांगतो. अमेरिकेतल्या आकड्यांवरून क्रिस्तोफर रुम यांनी २००० साली दाखवले की, मंदीत हात आखडल्यामुळे तिथे सिगारेट ओढणे कमी झाले होते. पण ज्याच्याजवळ काही होते, त्याचाच हात आखडतो. ज्याच्याजवळ भाकरीच नाही, तो भाकरीच्या जागी मशेरी आणतो.

शहरातल्या वाचकांनी म्हणावे, याचा आमच्याशी काय संबंध? संबंध तुमच्या पगाराच्या कागदावर छापलेला आहे. महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापले जातात, तो 'व्यवसाय कर'. १९७५ साली तो महाराष्ट्रात बसवला गेला, तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करावा म्हणून. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या बेकारासाठी दर महिन्याला काही द्यावे, असा तो करार होता. आपण पन्नास वर्षे तो हप्ता भरत आलो आहोत. पैसे भरणाऱ्याने पावती मागावी, एवढेच माझे सांगणे आहे. काम मागितल्यावर ते किती दिवसांत मिळाले, मजुरी किती दिवसांत पोचली, भत्ता कितीजणांना दिला, हे विचारण्याचा तुमचा अधिकार आहे.

आणि आमच्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर मागण्या फार नाहीत. आषाढ-श्रावणात, म्हणजे मुकादम दारात येण्याच्या आधी, गावाजवळ काम आणि आठवड्याच्या आठवड्याला मजुरी. त्याच दिवसांत गावात तपासणी, म्हणजे दुखणे लहान असतानाच सापडेल. फडावर पाणी, आडोसा आणि आजारपणाच्या दिवशी खाड्यातून सुटका. लेकराबाळांची आणि म्हाताऱ्यांची सोय झाली की बाकीचे आमच्या बाया स्वतः करतील. त्यांच्या हिशेबावर माझा विश्वास आहे.

गेल्या वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात मी नेहमीप्रमाणे तो वाक्प्रचार फळ्यावर लिहिला आणि वाक्यात उपयोग करायला सांगितले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने, जिचे आईवडील तेव्हा सांगलीकडे फडावर होते, आपली वही पुढे केली. तिने लिहिले होते: 'आईने दुखणे अंगावर काढले, म्हणून मी कॉलेजात आले.' व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होते. मी त्याला पूर्ण गुण दिले. असे वाक्य पुढच्या पिढीतल्या मुलीला सुचू नये, एवढ्यासाठी हा लेख लिहिला.